आदी खा, मग इचार

माझं पोट नाजूक आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी अवस्था कळेल. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, कालव्यांच्या कामावर रानोमाळ हिंडलो, पण घरचा डबा कधी सुटला नाही. साताऱ्याला तासाभराची मीटिंग असली तरी रहिमतपुरातून दशमी-चटणी बांधून नेणारा मी. असा माणूस रिटायर झाल्यावर व्हिएतनामला गेला, आणि नशिबानं त्याच्या खोलीत कुणाला आणून टाकावं? तर आटपाडीच्या तात्याला! देवालासुद्धा चेष्टेची हौस असते बघा.

सहल ग्रुपची होती. अशा सहलीत दोन एकट्या माणसांना एका खोलीत घालतात. माझी बायको गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहिली होती. तिला आठ दिवस शांतता हवी होती असं माझं मत आहे, आणि तिनं ते अजून खोडून काढलेलं नाही. जाताना तिनं माझ्या बॅगेत मेतकूट, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि हिंगाष्टक चूर्णाची बाटली भरून दिली. ती बॅग उराशी धरून मी सैगावच्या हॉटेलातल्या खोलीत शिरलो, तर पलंगावर एक धिप्पाड माणूस मांडी घालून बसलेला. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, भरघोस पिकलेल्या मिशा. मांडीवर वर्तमानपत्र, आणि त्यावर केळीच्या पानातून सोडवलेल्या कसल्यातरी गुलाबी वड्या. आम्हाला विमानातून उतरून दोन तास झाले नव्हते, तेवढ्यात हा गडी बाजार करून आला होता.

"या साहेब. मी तात्या. आटपाडी. घ्या एक."

"काय आहे ते?" मी विचारलं.

"ते मला बी ठावं न्हाई," तात्या म्हणाला. "आदी खा, मग इचार."

एकदम अरे-तुरे! मला जरा रागच आला. मागून कळलं की ते वाक्य त्याचं नव्हतंच, तो ते जसंच्या तसं कुणाचं तरी म्हणून दाखवायचा. ते कुणाचं, ते पुढं येईल. तात्यानं वडी तोंडात टाकली, डोळे उघडे ठेवून सावकाश चावली आणि छताकडं बघत म्हणाला, "आंबील असती बगा आपली, तिची ही चुलतबहीण. जरा मांसाहारी निघाली, येवढंच."

तात्याला जाऊन आता वर्ष उलटलं. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत कारभार आटोपला. पण कुठंही ताट पुढं आलं की माझ्या कानात पहिल्यांदा त्याचाच आवाज येतो. माझ्यासारख्या डबेबहाद्दराच्या आयुष्यात तो जेमतेम दोन वर्षं होता. तेवढ्यात त्यानं माझ्या जिभेची पार वाट लावली, म्हणजे चांगल्या अर्थानं.

आमच्याकडची माणसं परदेशी जातात कशी, हे तुम्हाला सांगायला नको. बसमध्ये निम्मे सांगलीचे, निम्मे साताऱ्याचे. पहिल्या दिवशी सैगावात जेवायला काय? तर पनीर बटर मसाला, जिरा राईस आणि गुलाबजाम. वर सगळ्यांच्या पर्समधून लोणच्यांच्या बरण्या निघाल्या. सांगलीच्या एक मॅडम तर ठेच्याची बरणी घेऊन टेबलाटेबलावर हळदीकुंकू दिल्यासारख्या फिरत होत्या. मीही लसणाची चटणी काढली. तात्या मात्र ताटापुढं हात बांधून बसला.

"तात्या, जेवा की," मी म्हटलं.

"ह्ये विट्याच्या स्टँडवर बी मिळतंय की साहेब. त्यासाटी इमानात बसायचं कशापायी?" तो उठला आणि जाता जाता मॅडमना म्हणाला, "ताई, पावन्याच्या घरी जाताना डबा न्यायचा नसतो. त्यास्नी वाईट वाटतं."

मॅडम चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ते तुमचे तात्या खातात तो पाव कुठं मिळतो हो?"

फुटपाथवर तिथं बारक्या पोरांना बसायला असतात तसली प्लॅस्टिकची स्टुलं मांडलेली असतात. त्यावर तात्याचा तो अवाढव्य देह बसला की मला स्टुलाची दया यायची. त्याला व्हिएतनामी येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, हिंदीसुद्धा आपली आटपाडीचीच. पण शेजारच्या गिऱ्हाइकाच्या वाडग्याकडं बोट दाखवायचं आणि मग स्वतःच्या पोटाकडं, एवढ्या भाषेवर त्याचं सगळं भागायचं. सुपाबरोबर तिथं ताटभर कच्ची पानं देतात. मला वाटलं, ही शोभेची. तात्यानं एकेक पान खुडून आत टाकलं. "हरभऱ्याचा पाला कच्चा खाताव न्हवं आपण रानात? मग ह्येला काय भ्यायचं?" बर्फ घातलेली काळी कॉफी, खाली घट्ट गोड दूध. उसाच्या रसात लिंबाचा चुलतभाऊ पिळलेला. तांदळाची दारूसुद्धा, पण बुचाएवढ्या पेल्यात, एकदाच. "चवीपुरतं. झिंगायचंच आसंल तर आटपाडीत काय कमी हाय व्हय?"

एकदा त्यानं बदकाचं उकडलेलं अंडं घेतलं. टवका उडवला, तर आत बलक नाही, अर्धवट झालेलं पिल्लू! मी स्टूल सोडून पळालो आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. तिथून बघतो तर तात्या त्यातलं पाणी सुर्रकन पितोय, मीठ-मिरी लावून सगळं संपवतोय. मग उठून त्या अंडीवाल्या बाईपुढं गेला, एक हात स्वतःच्या पोटावर ठेवला, दुसरा कपाळाला लावला. हा त्याचा नेहमीचा रिवाज होता. खाल्लं, आवडो न आवडो, रांधणाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय तो हलत नसे.

"आवडलं का खरंच?" मी रस्ता ओलांडून आल्यावर विचारलं.

"न्हाई गड्या," तात्या म्हणाला. पहिल्यांदाच मला साहेबावरनं गड्यावर आणलं. "पर तिनं मनापास्नं दिलं. न आवडायचा मला हक्क हाय. न खायाचा न्हाई."

ही विद्या तात्याला हौसेनं नाही, धंद्यानं आली होती. तो गलाईवाला. आमच्या भागाबाहेर हा शब्द कळत नाही, म्हणून सांगतो. सोनारांकडची मोड, झाडलोटीतली राख, घाणीत मिसळलेलं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारा माणूस म्हणजे गलाईवाला. आटपाडी, विटा, खानापूरच्या कोरड्या माळावरची माणसं हे काम घेऊन देशभर पसरली आहेत. तात्यानं कोइमतूरला सुरुवात केली, मग केरळ, मग तेजपूर, दिमापूर, काठमांडू.

"परक्या गावात तुमास्नी सोनं कोण देईल, सांगा?" तो मला समजावत होता. "नाव न्हाई, गाव न्हाई, भाषा न्हाई. मग मी काय करायचा? दुकान उघडायच्या आदी आटवडाभर नुस्ता खायाचा. सोनार जिथं जेवत्यात त्या खाणावळीत, त्यांच्याच बाकावर, त्यांचंच जेवाण. केरळात कंद उकडून माशाबरुबर, दिमापुरात बांबूचं कोंब, काठमांडूत वाळवल्याली आंबट भाजी. आमच्यातली बाकीची पोरं खोलीवर पिठलं-भाकरी करायची. त्यांच्याकडं गिऱ्हाईक यायला वरीस लागायचं. माझ्याकडं आटवड्यात. आपलं ज्यो खातोय त्यो आपल्याला बुडवणार न्हाई, आसं वाटतं माणसाला."

नागालँडात त्यानं रेशमाच्या अळ्या खाल्ल्या होत्या. तमिळ मुलखात सकाळी रात्रभर भिजवलेला शिळा भात. प्रत्येक पदार्थाला त्यानं आपल्यातलं नातं लावून ठेवलं होतं. हा हुलग्याच्या शेंगोळ्याचा मावसभाऊ, तो सुकटाच्या चटणीचा थोरला दीर. जग म्हणजे त्याला एक मोठी भावकी वाटायची, फक्त ओळखपाळख व्हायची राहिलेली.

पण एवढं खाणाऱ्या माणसाच्या पोटात एक गोळा होता, आणि तो मला सहलीच्या मधोमध कळला. संध्याकाळी खिडकीशी बसला होता. पुढं गरम शेंगदाणे, पण हात लावलेला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "उद्या तुमी माझ्यासंगट येनार का? सोयरीक बगायला जायाचंय."

त्याचा मुलगा प्रशांत इंजिनिअर. पंप बनवणाऱ्या कंपनीनं त्याला सैगावला पाठवलं आणि तिथं हिशेब खात्यातल्या लिन नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. तात्याची बायको वारलेली. विमान कसं बदलायचं, कागद कुठं दाखवायचे याची त्याला धास्ती, म्हणून मुलीचं घर बघायला हा माणूस चक्क ग्रुप टूरमध्ये नाव नोंदवून आला होता. दुसऱ्या दिवशी सगळे खरेदीला गेले आणि आम्ही दोघं प्रशांतच्या गाडीतून कान थो नावाच्या गावी निघालो. मी का गेलो? खरेदीला कंटाळलो होतो, आणि खरं सांगायचं तर एव्हाना तात्याशिवाय जेवण जाईना झालं होतं.

लिनचं घर कालव्याच्या काठी. कालवा बघून मला बरं वाटलं, आमच्या खात्याच्या कामापेक्षा तो जास्त स्वच्छ होता. दारात नारळ, मागं उसाचा तुकडा, तळ्यात मासे. बाप हडकुळा, उन्हानं रापलेला, बोलणं कमी. लिन त्याला 'बा' म्हणत होती. आमच्याकडं तरी वेगळं काय म्हणतात? चटईवर ताटं मांडली. मधोमध मातीच्या भांड्यात मासा, गुळाच्या रंगाच्या दाट रश्श्यात शिजलेला. आम्ही बसलो आणि तात्यानं क्षणाचा उशीर न करता घास घेतला. त्याबरोबर सगळं घर जेवायला लागलं. ती माणसं वाटीत सारखं वाढत राहिली. तात्या वाटी रिकामी करायचा, ते भरायचे. पानात टाकणं तात्याला जमेना, वाटी रिकामी बघणं त्यांना जमेना. शेवटी लिननंच हसून वाटीवर हात धरला. निघताना त्या बापानं तात्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि तात्यानं पोटाला आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. मला वाटलं, झालं, ठरलं.

गाडीत बसल्यावर तात्या म्हणाला, "माझं ठरलं. पर माझ्या ठरण्याला कोण इचारतंय? आक्काचं ठरलं पायजे."

अक्का म्हणजे तात्याची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षात विधवा झाली आणि माहेरी आली ती कायमची. आईबाप लवकर गेले, तात्याला तिनंच वाढवलं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि हा तिच्यामागं फुफाट्यात बसून असायचा. तेव्हा परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी वाटायचे. तिची भाकरी काळपट आणि बेचव व्हायची. तात्यानं ती फेकून दिली. "ह्ये कसलं हाय?" म्हणून रडायला लागला. अक्कानं भाकरी उचलली, माती झाडली, आधी स्वतः एक घास खाल्ला आणि दुसरा त्याच्या तोंडात कोंबला. म्हणाली, "आदी खा, मग इचार."

"परदेशी खानं मी तवापास्नं चालू केलंय बगा," तात्या म्हणाला आणि मोठ्यानं हसला. डोळे मात्र पुसले.

पुढं तात्या आणि त्याची बायको दुकानापायी मुलूखभर हिंडत असताना प्रशांतलाही शाळेसाठी गावात अक्कानंच सांभाळलं. तिच्याच हातचं खाऊन पोरगं इंजिनिअर झालं. आता तेच पोरगं समुद्रापलीकडच्या मुलीशी लग्न करतो म्हणत होतं, आणि अक्कानं फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं: "करा. पर तिच्या हातचं मी जेवायची न्हाई."

आमच्याकडं याचा अर्थ कुणी फोडून सांगावा लागत नाही. ज्याच्या हातचं जेवलो त्याला आपलं म्हटलं. जेवलो नाही तर लग्न कागदावर झालं, घरात नाही. अक्काला ती मुलगी वाईट वाटत होती असंही नाही. मला पुढं एकदा चहा देताना तिनं स्वतःच सांगितलं. "पोरगी ग्वाड हाय वो साहेब. पर मी व्हय म्हनले की पोरगं गेलंच म्हना तिकडं. मी हाय तवर माझं ‘न्हाई’ ऱ्हाऊ द्या मधी."

लग्न तिकडंच नोंदवून झालं. पहिल्या दिवाळीला लिन आटपाडीला आली. तात्यानं मलाही बोलावलं होतं. पोरगी पहाटे उठून अंगण झाडायची, भाकरी थापायला शिकायची, हाताला चटके घ्यायची. रोज काहीतरी तिच्या माहेरचं रांधायची आणि आधी अक्काला वाटी नेऊन द्यायची. अक्का म्हणायची, "आज सोमवार. उपास." दुसऱ्या दिवशी मंगळवार देवीचा. बुधवारी एकादशी निघाली. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा.

"आगं आक्का, शनवारी काय धरनार?" तात्यानं विचारलं.

"शनवारी प्वॉट बरं नसतंय माझं," अक्का म्हणाली. सगळे हसले. लिनही हसली, पण वाटी परत आत नेताना तिचे डोळे मी पाहिले, आणि सांगतो, मला त्या म्हातारीचा राग आला.

संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी तात्याला म्हटलं, "अहो, तिचंच वाक्य तिला एकदा ऐकवा की. मिलोची भाकरी आठवण करून द्या."

तात्यानं मान हलवली. "थोरल्या बहिनीला टोमना मारून घास भरवायचा आसतो व्हय? तिनं खाल्लं पायजे, मी हरवून न्हवं." मग म्हणाला, "अळ्या खाल्ल्या, बदकाचं पिल्लू खाल्लं, कुटं आडलो न्हाई. आन माझ्याच घरात वाटी परत जाती, साहेब. ह्ये लय लागतंय."

उन्हाळ्यात लिनचा बाप आला. आई घरच्या आजारी माणसामुळं येऊ शकली नव्हती. देवाचा गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भावकीला मटणाचं जेवण ठेवलं. अंगणात मांडव, सतरंज्यांवर पंगत, पत्रावळीवर भाकरी, भात, मटण. भाकरी अक्कानं सकाळपासून बायकांत बसून थापलेल्या. लिननं एका मडक्यात तळ्यातला कटला मासा गुळात आणि मिरचीत शिजवला होता, तिच्या घरी आम्ही खाल्लेला तसा. त्याचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या पानात वाढला. भावकीतल्या बऱ्याच जणांनी तो हळूच पानाच्या कडेला सारला. मी पाहुण्याशेजारीच बसलो होतो. तात्या बादली आणि पळी घेऊन वाढायला उभा.

"हं, करा सुरुवात," कुणीतरी म्हणालं. पंगत जेवायला लागली. पाहुणा मात्र मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

आधी वाटलं, गरम असेल. मग वाटलं, तिखटाला भ्याला. तात्यानं हातानं खूण केली, जेवा. पाहुण्यानं हसून मान लववली आणि तसाच बसला. एकेकाचे हात थांबायला लागले. मागं कुजबुज सुरू झाली. "आपलं चालत न्हाई जनू त्येला." "लेक दिली, पर जेवत न्हाई, बगा!" एक म्हातारा तर मोठ्यानंच म्हणाला, "तात्या, पावना उपाशी उठला तर भावकीनं काय समजायचं?" तात्याचा चेहरा पडला. जगभर ज्यानं कुणाला नाही म्हटलं नाही, त्याच्या दारात व्याही न जेवता बसलेला. मी त्याला इतका हवालदिल कधी पाहिला नव्हता.

प्रशांत धावत लिनला घेऊन आला. बापलेकीचं बोलणं झालं. लिननं ओशाळून प्रशांतला सांगितलं आणि प्रशांत सगळ्यांना म्हणाला, "तसं काही नाही. त्यांच्यात घरातलं सगळ्यात थोरलं माणूस पहिला घास घेतं, मगच बाकीचे. तिकडं थोरलेपणाचा मान तात्यांना दिला होता आणि त्यांनी बसल्या बसल्या खाल्लं, म्हणून कळलं नाही. इथं अक्का थोरल्या. अक्का जेवल्या नाहीत म्हणून ते थांबलेत."

सगळी पंगत चुलीकडं बघायला लागली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. आमच्याकडं पाहुणे उठल्याशिवाय घरची बाई बसत नाही. त्यात ती विधवा. मांडवातला पहिला घास तिनं घ्यायचा, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येण्यासारखं नव्हतं. पाहुणा तिच्यासाठी थांबलेला आणि ती पाहुण्यासाठी. असं दोघं मिळून जन्मभर उपाशी राहिले असते.

"आक्का कशी बसंल आदी?" तो मघाचा म्हातारा पुटपुटला.

"बसंल!" तात्या गरजला. त्याचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "ह्या घरात तिच्यापेक्षा थोरलं कोन हाय? आक्का, ये."

अक्का हलेना. तात्यानं बादली खाली ठेवली, स्वतः पाट आणला, पाहुण्याच्या समोर टाकला, पान मांडलं, वाढलं. लिननं मडकं पुढं केलं. तात्यानं एक नजर बहिणीकडं टाकली आणि माशाचा तुकडाही वाढला. जबरदस्ती केली नाही. फक्त म्हणाला, "पावना उपाशी हाय, आक्का."

अक्कानं हात धुतले, पदर सावरला आणि येऊन बसली. पानात भाकरी होती, तिनंच थापलेली. तिनं तिचा तुकडा मोडून तोंडात टाकला असता तरी रीत पुरी झाली असती, पाहुणा जेवला असता, आणि तिचा शब्दही राहिला असता. हे मला कळत होतं, तात्याला कळत होतं, आणि अक्काला तर आमच्याआधी कळलं असणार. तिचा हात भाकरीकडं गेला आणि तिथंच थांबला. समोर तो हडकुळा माणूस मान खाली घालून बसला होता. त्यानंही लेक लांब दिली होती. अक्कानं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भाकरीवरचा हात उचलला, माशाचा तुकडा मोडला, काटा बाजूला केला आणि खाल्ला.

अक्कानं सावकाश चावलं, गिळलं.

"गूळ जरा जास्त पडलाय," ती लिनकडं न बघता म्हणाली. "उद्या माझ्याफुडं कर, मी दावते." आणि मग पाहुण्याला, "जेवा, दादा."

पाहुण्याला शब्द कळले नसतील, पण त्यानं दोन्ही हात जोडले आणि मटणाच्या रश्श्यात भाकरी बुडवली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिखटानं की कशानं, मी विचारलं नाही. भावकीतल्यांनी कडेला सारलेले माशाचे तुकडे एकेक करून पानाच्या मधे घेतले. मीही खाल्ला, दोनदा मागून घेतला. चूर्णाची बाटली माझ्या बॅगेतच राहिली.

लिन अक्काच्या मागं उभी होती. अक्कानं मागं न वळता पाटाजवळच्या सतरंजीवर हात थोपटला. पोरगी बसली. अक्कानं आपल्या पानातली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली.

मला घरी परतायला तिसऱ्या प्रहरची कोरेगावची एस.टी. गाठायची होती. निघताना मी तात्याला शोधत मांडवाच्या मागं गेलो. दुसरी पंगत उठली होती, तिसरी बसत होती. तो रांजणाशेजारी भिंतीला टेकून उभा होता, हातात रिकामी बादली. शर्टावर रश्श्याचे डाग, मिशा घामानं चिकटलेल्या. रडत होता, अगदी उघड, तोंड न झाकता.

"तात्या, तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

माझ्याकडं बघून तो हसला, तळहातानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "साहेब, आक्का जेवली. आजचा दिस मला भूकच न्हाई." एवढं म्हणून त्यानं बादली उचलली आणि रस्सा भरायला चुलीकडं गेला.